एकच बिट पालटत जाणाऱ्या संख्या : ५५ नंतर मागे राहिलेल्या आठ संख्यांचे काय होते?

उद्यमनगरचा_अण्णा

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, यंत्रांच्या विद्युत नियंत्रणाची दुरुस्ती करतो. गणिताशी माझा संबंध बारावीनंतर सुटला होता, तो एका इंडेक्सिंग टेबलामुळे (ठरावीक स्थानांवर थांबत फिरणाऱ्या यंत्राच्या टेबलामुळे) पुन्हा जुळला. सोळा स्थानांच्या त्या टेबलाचा एनकोडर, म्हणजे फिरत्या चकतीवरून स्थान आकड्यात वाचणारे उपकरण, मी बदलला आणि चालू करून पाहिला, तर पडद्यावर ० आणि १ ही स्थाने बरोबर दिसत होती. पण २ च्या जागी ३, ३ च्या जागी २, ४ च्या जागी ६, ५ च्या जागी ७, ६ च्या जागी ५ आणि ७ च्या जागी ४ असे आकडे येऊ लागले. वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या असाव्यात, असे समजून मी अर्धा दिवस त्या चार वायरी अदलून-बदलून पाहण्यात घालवला. चूक सर्वस्वी माझी होती. लेबलावर ‘ग्रे’ असे स्वच्छ छापलेले होते आणि मी ते रंगाचे नाव समजलो होतो. एनकोडर काळा आहे, हेही तेव्हा मला खटकले नाही.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००, म्हणजे ७ वरून ८ वर जाताना चारही बिट (० किंवा १ हे अंक) एकदम पालटतात. प्रत्यक्ष चकतीवर चार पट्टे एकाच क्षणी कधीच पालटत नाहीत. एखादा पट्टा केसभर आधी, एखादा केसभर नंतर पालटतो, आणि मधल्या क्षणी वाचलेला आकडा काहीही असू शकतो. यावर उपाय म्हणून बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांनी संख्यांची अशी मांडणी वापरली, की एका स्थानावरून पुढच्या स्थानावर जाताना नेमका एकच बिट पालटावा. त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट १९५३ साली मिळाले. ही मांडणी ०, १, ३, २, ६, ७, ५, ४, १२, १३, १५, १४, १०, ११, ९, ८ अशी चालते. माझ्या पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकात, ग्रेवरून द्विमानात आणण्याची तयार सूचना होती. ती एक ओळ टाकल्यावर टेबल सुतासारखे सरळ झाले.

माझा प्रश्न मात्र त्यानंतरचा आहे. ग्रे यांची मांडणी विसरून मी एक साधा, हावरा नियम घेतला: ० पासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक वेळी आधीच्या संख्येचा एकच बिट पालटून मिळणाऱ्या संख्यांपैकी, आजवर न आलेली सर्वांत लहान संख्या लिहायची. डायरीत हे असे चालले:

०, १, ३, २, ६, ४, ५, ७, १५, ११, ९, ८, १०, १४, १२, १३, २९, २१, १७, १६, १८, १९, २३, २२, २०, २८, २४, २५, २७, २६, ३०, ३१

सहाव्या पदापाशीच ही क्रमिका ग्रेपासून फुटते: ग्रे ६ वरून ७ वर जातो, आणि हावऱ्या नियमाला त्याहून लहान ४ सापडतो. तरीही पहिल्या बत्तीस पदांत ० ते ३१ या सगळ्या संख्या बरोबर एकेकदा आल्या, त्यामुळे पुढच्या बत्तीस पदांत ३२ ते ६३ येतील असे मी गृहीतच धरले होते. प्रत्यक्षात पुढे असे झाले:

६३, ४७, ३९, ३५, ३३, ३२, ३४, ३८, ३६, ३७, ४५, ४१, ४०, ४२, ४३, ५९, ५१, ४९, ४८, ५०, ५४, ५२, ५३, ५५

५५ म्हणजे ११०१११. त्याचे लहान शेजारी, म्हणजे एकच बिट पालटून मिळणाऱ्या त्याहून लहान संख्या, २३, ३९, ५१, ५३ आणि ५४ हे सगळे येऊन गेलेले आहेत, आणि ६३ तर या गटाचे पहिलेच पद. म्हणून ६४ चा बिट चढवून थेट ११९ वर जावे लागते, आणि मागे ४४, ४६, ५६, ५७, ५८, ६०, ६१, ६२ या आठ संख्या तशाच राहतात. या आठ जणी परत कधी येतात का, की कायमच्या सुटल्या?

रंकाळ्यावरचा_बगळा

अण्णा, ७ वरून ८ वर जाताना क्षणभर चुकीचा आकडा आला तर एवढे काय बिघडते, हे माझ्यासारख्याला नीटसे पटलेले नाही. यंत्र पुढच्या क्षणी बरोबर आकडा वाचेलच की. शिवाय हावऱ्या नियमाची क्रमिका कोणत्या यंत्रात बसते, तेही सांगावे.

उद्यमनगरचा_अण्णा

बगळेबुवा, आपल्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण देतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात लहान मूलही सांगते. समजा, ही पातळी सहा बिटांच्या साध्या द्विमान चकतीने मोजली आणि पाणी ३१ वरून ३२ फुटांवर चढत आहे. ३१ म्हणजे ०१११११ आणि ३२ म्हणजे १०००००, म्हणजे सहाही बिट पालटायचे आहेत. डावीकडचा बिट बाकीच्यांच्या आधी पालटला, तर यंत्र क्षणभर ६३ फूट वाचेल, आणि त्याच क्षणी कोणी भोंगा जोडलेला असेल तर अर्ध्या शहराची झोप उडेल. ग्रेच्या चकतीत एकच बिट पालटायचा असल्याने वाचन एकतर ३१ येते, नाहीतर ३२. मधले काही संभवतच नाही.

हावरी क्रमिका मात्र माझ्या माहितीत कोणत्याच यंत्रात बसत नाही. ती मी जेवणाच्या सुट्टीत काढतो.

निवृत्त_गणितबाई

अण्णा, तुम्ही हाताने एवढे काढलेत, म्हणून आधी एक पडताळा देते. प्रत्येक पायरीला एकच बिट पालटतो, म्हणजे संख्येतील १ या अंकांची संख्या दर पायरीला एकाने वाढते किंवा एकाने घटते. सुरुवात शून्याने आहे, म्हणून पदाचा क्रमांक सम असेल तर त्या पदात १ हे अंक सम असतील, आणि क्रमांक विषम असेल तर विषम. तुमची पदे शून्यापासून मोजली तर ५५ ही संख्या नेमकी ५५ व्या क्रमांकावर येते (हा योगायोग मला फार आवडला), आणि ११०१११ मध्ये पाच १ आहेत. म्हणजे निदान एखादे पद गाळण्याची चूक तरी झालेली दिसत नाही.

ग्रेच्या क्रमिकेला थेट सूत्र आहे: संख्या आणि तिचा निम्मा पूर्णांक एकाखाली एक लिहावेत, आणि जिथे अंक वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ० मांडावा. ६ म्हणजे ११०, निम्मे ३ म्हणजे ०११, त्यांतून १०१ मिळते, म्हणजे ५. तुमच्या पडद्यावर ६ च्या जागी ५ दिसत होते ते यामुळेच. त्या क्रमिकेत कोणत्या पायरीला कोणता बिट पालटतो हे पाहिले, तर एदुआर लुका यांनी १८८३ साली बाजारात आणलेल्या हॅनोईच्या मनोऱ्याच्या कोड्यात कोणत्या चालीला कोणती चकती हलते, तोच क्रम मिळतो. हावऱ्या क्रमिकेला असे सूत्र लावता येत नाही, कारण पुढचे पद काढण्यासाठी मागची सगळी यादी हाताशी लागते.

आता तुमच्या आठ संख्यांकडे येऊ. कोणत्याही संख्येचा सर्वांत लहान शेजारी कोणता? तिचा सर्वांत डावीकडचा १ पुसून मिळतो तो. कारण दुसरा कोणताही १ पुसला तर संख्या त्याहून कमी घटते, आणि ० चा १ केला तर ती वाढतेच. आता ४४ घ्या. ४४ म्हणजे १०११००. तिच्या डावीकडे ६४ चा बिट चढवला की ११०११००, म्हणजे १०८ होते. १०८ चा सर्वांत लहान शेजारी ४४ आहे, म्हणून क्रमिकेत १०८ येईपर्यंत ४४ आली नसेल, तर १०८ च्या पुढचे पद ४४ असलेच पाहिजे. हीच गोष्ट १७२ ची, कारण ती ४४ अधिक १२८ आहे, आणि हीच ३०० ची, कारण ती ४४ अधिक २५६ आहे.

हेच उलटीकडून वाचा. ४४ कधीच येणार नसेल, तर १०८, १७२, ३०० यांपैकी एकही कधीच येता कामा नये. मग हाच युक्तिवाद १०८ ला लावला, तर १०८ च्या डावीकडे कोणताही बिट चढवून मिळणारी संख्याही येता कामा नये. असे करत गेले की ४४ अधिक ६४ ची कोणतीही पट, म्हणजे दर चौसष्ट संख्यांमागे एक, क्रमिकेबाहेर राहिली पाहिजे. एकटीदुकटी संख्या कधीच सुटू शकत नाही. सुटलीच तर तिचे सगळे गोत्र सुटते. क्रमिका अडून बसण्याची भीतीही नाही, कारण डावीकडे चढवायला नवा बिट नेहमीच शिल्लक असतो.

तेव्हा अण्णा, ११९ पासून पुढे चालत राहा आणि १०८ ची वाट पाहा.

छंदोमय

बाईंचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. वृत्तांचे आठ गण शाळेत सगळ्यांनीच पाठ केले असतील. लघूला ० आणि गुरूला १ मानले, तर प्रत्येक गण म्हणजे तीन बिटांची एक संख्या होते. ग्रेच्या क्रमाने गण मांडले तर न, स, य, ज, त, म, र, भ अशी ओळ मिळते, आणि प्रत्येक गणातून पुढच्या गणात जाताना एकच अक्षर पालटते: न म्हणजे ललल, स म्हणजे ललग, य म्हणजे लगग, ज म्हणजे लगल, त म्हणजे गगल, म म्हणजे गगग, र म्हणजे गलग, भ म्हणजे गलल. शेवटच्या भ मधून पहिल्या न मध्ये परत येतानाही एकच गुरू लघू होतो, म्हणजे हे वर्तुळ पूर्ण होते.

अण्णांच्या हावऱ्या नियमाने गण लावले, तर न, स, य, ज, त, भ, र, म असा क्रम येतो आणि तो म वर, म्हणजे तीन गुरूंवर, संपतो. तिथून न वर परतायचे तर तिन्ही अक्षरे पालटावी लागतील, म्हणून ही वाट वर्तुळ होत नाही. कोणी ‘यमाताराजभानसलगम्’ याची आठवण काढील म्हणून आधीच सांगतो, की ती युक्ती वेगळी आहे. तिथे तीन अक्षरांची खिडकी एकेक घर पुढे सरकते आणि आठही गण दाखवते; इथे अक्षरे जागच्या जागी राहून त्यांतले एकच पालटते.

कट_वेगळा_द्या

मूळचा कोल्हापूरचा, सध्या पोटापाण्यासाठी पुण्यात प्रोग्रॅम लिहितो. अण्णांची क्रमिका पायथॉनमध्ये दहा ओळींत बसते: आलेल्या संख्यांचा एक संच ठेवायचा, चालू संख्येचे बिट एकेक करून पालटायचे आणि संचात नसलेली सर्वांत लहान संख्या उचलायची. ४४ कितव्या क्रमांकावर येते, ते मला दिसले आहे. पण अण्णा हाताने काढत असतील, तर उत्तर फोडण्याचे पाप मी करत नाही.

त्याऐवजी याच घरातली दुसरी क्रमिका मांडतो. २ पासून सुरुवात करायची, आणि चालू संख्येचे बिट उजवीकडून एकेक पालटून पाहायचे. पहिली जी न आलेली मूळ संख्या मिळेल, ती पुढचे पद. ती २, ३, ७, ५, १३, २९, ३१, २३, १९, १७ अशी शहाण्या मुलीसारखी चालते. १७ नंतर मात्र एकदम ८२०९ वर उडी मारते! प्रोग्रॅम चुकला असे समजून मी तो दोनदा तपासला.

निवृत्त_गणितबाई

प्रोग्रॅम चुकलेला नाही. १७ म्हणजे १०००१. तिच्या स्वतःच्या पाच बिटांत १९ येऊन गेलेली आहे, आणि १६, २१, २५ व १ या मूळ संख्या नाहीत, म्हणून डावीकडे बिट चढवण्यावाचून गत्यंतर नाही. १७ अधिक ३२ म्हणजे ४९, हा ७ चा वर्ग. त्यापुढे ८१ हा ९ चा वर्ग, १४५ ला ५ ने भाग जातो, २७३ ला ३ ने. ५२९ पाशी आशा वाटते, तर तो निघतो २३ चा वर्ग. १०४१ ला ३ ने, २०६५ ला ५ ने आणि ४११३ ला पुन्हा ३ ने भाग जातो. ८१९२ मिळवल्यावर येणारी ८२०९ मात्र मूळ संख्या आहे. नऊ दारे ठोठावून नववे उघडले, तर शेजारी आठ हजारांच्या घरात राहणारा निघाला.

या क्रमिकेला खरा धोका वेगळाच आहे. १२७ पाहा: ११११११११ नव्हे, सात वेळा १, म्हणजे ११११११. (बघा, लिहितानाच घोळ झाला, सात १ असे आहेत: १११११११.) तिच्या सातांपैकी कोणताही एक बिट पालटला, तर १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५ आणि ६३ मिळतात आणि त्यांत एकही मूळ संख्या नाही. स्वतःच्या अंकांत अशी पुरती कोंडलेली ही सर्वांत लहान मूळ संख्या होय. डावीकडे बिट चढवण्याची मुभा असली की तिची सुटका होते: २५५ ला ५ ने भाग जातो, पण १२७ अधिक २५६ म्हणजे ३८३ ही मूळ संख्या आहे. अशा कोंडलेल्या मूळ संख्या अपवादाने आढळतात असेही नाही. टेरेन्स ताओ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सिद्ध केले, की संख्यालेखनाचा कोणताही पाया (द्विमानात २, नेहमीच्या लेखनात १०) घेतला तरी सगळ्या मूळ संख्यांपैकी एक ठरावीक, शून्याहून मोठा हिस्सा असाच असतो, की ज्यांचा कोणताही एक अंक बदलला तरी मूळपण जाते. पाया २ असतानाची गोष्ट त्याआधीच कोहेन आणि सेल्फ्रिज यांनी, एर्डिश यांच्या कल्पनेचा आधार घेऊन, दाखवलेली होती.

अण्णांच्या क्रमिकेत सगळ्याच संख्यांना प्रवेश असल्याने हे संकट तिथे उद्भवत नाही.

रंकाळ्यावरचा_बगळा

बाई, तुमच्या सात १ च्या घोळामुळे ग्रे यांचे म्हणणे मला पहिल्यांदा खरे पटले. एक बिट इकडचा तिकडे झाला की माणसाचेही वाचन चुकते.

उद्यमनगरचा_अण्णा

कटसाहेब, उत्तर न फोडल्याबद्दल आभार. कालची जेवणाची सुट्टी आणि आजची, अशा दोन बैठकांत काम झाले. ११९ नंतर माझ्या डायरीत हे आहे:

८७, ७१, ६७, ६५, ६४, ६६, ७०, ६८, ६९, ७७, ७३, ७२, ७४, ७५, ७९, ७८, ७६, ९२, ८४, ८०, ८१, ८३, ८२, ८६, ९४, ९०, ८८, ८९, ९१, ९५, ९३, ८५

यात ६४ ते ९५ या बत्तीसही संख्या येऊन जातात, मागे एकही उरत नाही. काल मी ७५ नंतर ७९ ऐवजी थेट ९१ लिहिले होते. दोन्ही संख्यांत पाच १ असल्याने बाईंच्या पडताळ्याला ही चूक सापडली नाही. ७९ यादीत कुठेच नाही हे नंतर ध्यानात आले, तेव्हा अर्धे पान खोडावे लागले. पुढे ८५ वरून ११७, आणि मग १०१, ९७, ९६, ९८, ९९, १०३, १०२, १००. शंभराचे लहान शेजारी ३६, ६८, ९६ तिन्ही येऊन गेलेले, १०१ आणि १०२ सुद्धा येऊन गेलेल्या, म्हणून पुढचे पद १०८.

आणि १०८ च्या पुढे, बाई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ४४. शून्यापासून मोजले तर हे ९९ वे पद आहे, म्हणजे यादीतली बरोबर शंभरावी संख्या. ४४ मध्ये तीन १ आहेत, पडताळाही जुळला.

मला वाटले होते की ४४ येऊन क्रमिका लगेच वर पळेल आणि बाकीच्या सात जणींसाठी वेगवेगळी वाट पाहावी लागेल. तसे झाले नाही. ४४ वरून ४६, तिथून ६२, मग ५८, ५६, ५७, ६१ आणि ६०, अशा आठही संख्या एका दमात, मध्ये एकही परकी संख्या न येता, भरून निघाल्या. ६० चे सगळे लहान शेजारी संपलेले, ६१ आणि ६२ येऊन गेलेल्या, म्हणून ६४ चा बिट पुन्हा चढला आणि १०७ व्या क्रमांकावर १२४ आली. इथे भोंगा झाला, म्हणून डायरी मिटली.

कट_वेगळा_द्या

अण्णा, १०७ पदांपर्यंत माझी यादी आणि तुमची डायरी तंतोतंत जुळते. ७५ नंतरचे ७९ सुद्धा.